जॉन न्यूटन : वादळ आणि पश्चात्ताप

नारळी पौर्णिमेचा सण. श्रावणातील पर्जन्याचा जोर ओसरू लागतो, सागराचा क्षोभ निवू लागतो आणि पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत कोळीवाड्यांतील आबालवृद्ध वाजतगाजत किनाऱ्यावर येऊन वरुणदेवतेला श्रीफळ अर्पण करतात. होडीत पाऊल टाकण्यापूर्वी दर्याची मनधरणी करावी, त्याच्या कृपेवर आपला संसार चालतो याचे स्मरण ठेवावे, हा त्या पूजेचा भाव. याच सुमारास श्रावणीचा विधीही होतो. जुने यज्ञोपवीत टाकून नवे धारण करण्यापूर्वी जो प्रदीर्घ संकल्प उच्चारण्याची परिपाठी आहे व जो परंपरेने देवगिरीच्या यादवांच्या दरबारातील हेमाद्रीच्या नावाशी जोडला जातो, त्यात जाणता-अजाणता घडलेल्या पातकांची एकामागून एक गणना केलेली असते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातही पापातून सुटण्याचे उपाय सांगताना प्रथम निर्देश केला आहे तो ख्यापनाचा, म्हणजे आपले पाप आपल्या तोंडाने चारचौघांत सांगण्याचा. पश्चात्ताप त्यानंतर येतो. हा क्रम प्रथमदर्शनी उलटा वाटतो. पश्चात्ताप होईल तेव्हाच ना मनुष्य पाप बोलून दाखवील? परंतु अठराव्या शतकातील एका इंग्रज खलाशाचे चरित्र वाचताना स्मृतिकारांनी ख्यापनाला अग्रस्थान का दिले असावे, याचा थोडाफार उलगडा होतो. त्या खलाशाचे नाव जॉन न्यूटन. गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडणारा न्यूटन तो हा नव्हे. तो शास्त्रज्ञ १७२७ साली निवर्तला, त्या वेळी हा न्यूटन दोन वर्षांचाही न झालेला बालक होता.

लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी वॅपिंग नावाची खलाशांची वस्ती होती. तेथे १७२५ साली जॉनचा जन्म झाला. वडील भूमध्य समुद्रात व्यापार करणाऱ्या जहाजाचे कप्तान होते. वर्षातील बहुतेक काळ ते घराबाहेरच असत. मुलाचे संगोपन सर्वस्वी आईकडे होते. एलिझाबेथ न्यूटन ही प्रकृतीने नाजूक, परंतु वृत्तीने अत्यंत धर्मनिष्ठ स्त्री होती. तिने या एकुलत्या मुलाकडून बालपणीच धर्मग्रंथांतील उतारे व स्तोत्रे मुखोद्गत करून घेतली आणि मुलाने मोठेपणी धर्मोपदेशक व्हावे अशी इच्छा मनाशी बाळगली. आपल्याकडे तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून मुलांकडून शुभंकरोती व परवचा म्हणून घेणाऱ्या माउलीचे चित्र यापेक्षा फार वेगळे नाही. परंतु जॉनला सात वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, १७३२ च्या जुलैमध्ये, क्षयाने आईचा अंत झाला. वडिलांनी दुसरा विवाह केला, मुलगा दोन वर्षे शाळेत राहिला आणि अकराव्या वर्षी वडिलांबरोबर जहाजावर चढला. आईने पेरलेले बीज जमिनीत गेले ते गेलेच. पुढे कित्येक वर्षे त्याला कोंब फुटल्याचे कोणाच्या दृष्टीस पडले नाही.

सतराव्या वर्षी तो केंट परगण्यातील चॅटम या गावी आईच्या स्नेह्यांकडे गेला. तेथे मेरी कॅटलेट ही चौदा वर्षांची होऊ घातलेली मुलगी त्याने पाहिली व त्याचे चित्त तिच्या ठायी कायमचे गुंतले. तीन दिवसांसाठी गेलेला पाहुणा तीन आठवडे राहिला. जमैकाला नेणारे जहाज, ज्यावर वडिलांनी त्याच्या नोकरीची तजवीज केली होती, ते या अवधीत निघून गेले. वडील संतापले. पण या एकनिष्ठ प्रेमानेच पुढे अनेकदा त्याला आत्मघाताच्या कड्यावरून मागे ओढले, असे त्याने स्वतःच नमूद करून ठेवले आहे.

पुढील सफरीत, व्हेनिसच्या बंदरात जहाज असताना, त्याला एक स्वप्न पडले. कोणी एक व्यक्ती त्याला अंगठी देते व ती जिवापाड जपण्यास सांगते; दुसरी व्यक्ती येऊन त्या अंगठीची थट्टा करते व ती पाण्यात टाकण्यास त्याला भाग पाडते; त्याच क्षणी मागील पर्वतरांगांतून ज्वाळा उठतात; आणि अखेर कोणी एक जण पाण्यात उतरून ती अंगठी वर काढतो, परंतु त्याच्या हाती परत न देता स्वतःपाशीच सांभाळून ठेवतो. स्वप्नाचा पगडा दोनतीन दिवस राहिला, मग ते विस्मृतीत गेले. अंगठी टाकण्याचे काम मात्र लगोलग सुरू झाले.

१७४४ मध्ये इंग्लंडच्या आरमाराने त्याला सक्तीने भरती करून ‘हार्विच’ या युद्धनौकेवर नेले. वडिलांच्या वशिल्याने त्याला शिकाऊ अधिकाऱ्याची जागा मिळाली. याच नौकेवर एका सोबत्याच्या नादाने तो पक्का नास्तिक बनला. ‘हार्विच’ हिंदुस्थानच्या बाजूस दीर्घ सफरीवर निघणार होती. मेरीपासून पाच वर्षांचा वियोग सहन होणार नाही म्हणून प्लिमथ बंदरात तो पळून गेला, पकडला गेला, सर्व खलाशांदेखत त्याला उघडे करून चाबकाचे फटके मारण्यात आले आणि अधिकाऱ्याच्या पदावरून सामान्य खलाशाच्या पदावर उतरवण्यात आले. इंग्लंडचा किनारा दृष्टिआड होताना त्याच्या मनात कप्तानाचा खून करावा की स्वतः समुद्रात उडी घ्यावी, असे दोनच विचार होते. मदीरा बेटापाशी योगायोगाने दोन खलाशांची अदलाबदल झाली आणि तो आफ्रिकेकडे जाणाऱ्या एका गुलामवाहू जहाजावर गेला. ही अदलाबदल न होती तर हा मनुष्य आपल्या पूर्व समुद्रात येता आणि त्याचे चरित्र काय झाले असते, कोण सांगणार?

पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनच्या किनाऱ्याजवळ प्लँटेन नावाची लहानशी बेटे आहेत. तेथे गुलामांचा व्यापार करणाऱ्या एका गोऱ्या अडत्याकडे न्यूटन चाकरीस राहिला. त्या व्यापाऱ्याच्या आफ्रिकन स्त्रीची त्याच्यावर खप्पा मर्जी झाली. तापाने फणफणत असता त्याला पाणीसुद्धा वेळेवर मिळेना. तिच्या ताटातील उरलेसुरले कधी मिळे, कधी तेही मिळत नसे. रात्री मळ्यात जाऊन तो कंदमुळे उपटून कच्चीच खाई. अशा वेळी साखळदंडांनी जखडलेले, परदेशी विकले जाण्याची वाट पाहत असलेले गुलाम आपल्या तुटपुंज्या अन्नातील घास चोरून त्याच्याकडे पोचवीत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. ज्यांच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे शरीरही उरले नव्हते, त्यांनी या गोऱ्या मनुष्याला अन्नदान करून जगवले. शास्त्रांनी अन्नदानाची जी थोरवी गायिली आहे, तिचे याहून उज्ज्वल उदाहरण विरळा.

त्या विपन्नावस्थेतही त्याच्याजवळ युक्लिडच्या भूमितीचे एक पुस्तक होते. निर्जन किनाऱ्यावर जाऊन काठीने वाळूत आकृत्या काढीत तो प्रमेये सोडवीत बसे. एकदा त्याच्याकडून लिंबाची रोपे लावून घेतली जात असता धन्याने टोमणा मारला, की ही झाडे फळांना येतील तोवर हा स्वारी कप्तान होऊन येईल व आपल्या श्रमाची फळे चाखील! उपहासाने उच्चारलेली ती वाणी पुढे अक्षरशः खरी ठरली. तो कप्तान होऊन त्या बेटावर आला व त्या झाडांची लिंबे त्याने तोडली. नियतीच्या या चमत्काराचे आपणांस कौतुक वाटते; पण तो कोणत्या जहाजाचा कप्तान होऊन आला, हे आठवले की कौतुक जागच्या जागी विरते.

त्याने वडिलांना पत्रे धाडली होती. वडिलांनी लिव्हरपूलचे आपले स्नेही, व्यापारी जोसेफ मॅनेस्टी यांना गळ घातली आणि त्यांचे ‘ग्रेहाउंड’ नावाचे जहाज १७४७ च्या आरंभी त्या किनाऱ्यावर येऊन न्यूटनला घेऊन गेले. मॅनेस्टीचा धंदा गुलामांच्या व्यापाराचा. तथापि या खेपेस ‘ग्रेहाउंड’वर सोने, हस्तिदंत, रंगाचे लाकूड आणि मधमाश्यांचे मेण असा माल भरला जात होता. वर्षभर जहाज किनाऱ्याने फिरत राहिले. न्यूटनला काही काम नव्हते. देवाची निंदा करण्याचे नवनवे शब्दप्रयोग शोधणे हाच त्याचा विरंगुळा झाला होता. कप्तान काही साधू नव्हता, परंतु त्यालाही ही वाणी ऐकवेना. बायबलमध्ये योना नावाच्या मनुष्याची कथा आहे. तो देवाज्ञा मोडून पळाला म्हणून त्याच्या जहाजावर वादळ कोसळले. आपणही असाच एक योना जहाजावर घेतला आहे, असे कप्तान बोलून दाखवी.

१७४८ च्या मार्चच्या प्रारंभी ‘ग्रेहाउंड’ने उत्तर अमेरिकेजवळचा न्यूफाउंडलंडचा मत्स्यप्रदेश सोडला. तेथे खलाशांनी गंमत म्हणून कॉड जातीचे मासे पकडून ठेवले होते. ९ मार्च रोजी न्यूटनच्या हाती वेळ घालवण्यासाठी थॉमस ए केम्पिस या ख्रिस्ती साधूचा ग्रंथ आला. वाचता वाचता हे सारे खरे असले तर आपली काय गत होईल, असा प्रश्न त्याच्या मनात डोकावला. त्याने पुस्तक मिटले आणि तो निजला.

त्याच रात्री एका प्रचंड लाटेच्या तडाख्याने तो जागा झाला, तेव्हा त्याच्या कोठडीत पाणी शिरले होते आणि वरून जहाज बुडत असल्याचा आक्रोश ऐकू येत होता. तो शिडीने वर निघाला. कप्तानाने त्याला सुरी आणण्यास सांगितले. तो सुरीसाठी मागे वळला, त्याच्या जागी दुसरा खलाशी वर गेला, आणि त्याच क्षणी लाटेने त्या खलाशाला समुद्रात ओढून नेले. शोक करण्यासही कोणाला सवड नव्हती. जहाजाच्या एका बाजूच्या वरच्या फळ्या उखडल्या होत्या. पाणी उपसण्याचे पंप चालवून व बादल्या भरभरून फेकूनही पाणी वाढतच होते. एरवी असे जहाज घटकाभरात तळ गाठते. परंतु मेण आणि लाकूड ही दोन्ही पाण्याहून हलकी. मालच जहाजाला वर उचलून धरीत होता. खलाशांनी अंगावरचे कपडे व अंथरुणे फटींत कोंबून त्यांवर फळ्यांचे तुकडे ठोकले. न्यूटन पहाटे तीनपासून दुपारपर्यंत पंपाशी उभा होता. लाटेने वाहून जाऊ नये म्हणून त्याने स्वतःला दोराने बांधून घेतले होते. प्रत्येक वेळी जहाज खाली गेले की आता ते वर येत नाही असेच वाटे.

सकाळी नऊच्या सुमारास तो कप्तानाशी काही बोलून मागे फिरला आणि जाता जाता त्याच्या तोंडून सहज निघून गेले, की एवढ्यानेही निभावले नाही तर प्रभूच आपल्यावर दया करो. कित्येक वर्षांत दयेची याचना अशी त्याने केलेली ही पहिलीच. बोलल्यावर तो स्वतःच दचकला. ज्याचे अस्तित्व आपण नाकारले, ज्याची विटंबना केली, त्याच्या दयेवर आपला अधिकार तरी कोणता? अजामिळाने पुत्राला मारलेली हाक नारायणाने आपली म्हणून ऐकली, ही भागवतातील कथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. येथेही हाक अभावितच होती. पंप चालवण्याचे त्राण उरले नाही तेव्हा तासभर पडून तो सुकाणूपाशी गेला आणि मध्यरात्रीपर्यंत सुकाणू धरून राहिला. त्या अंधारात त्याला आईने शिकवलेली वचने एकेक करून आठवू लागली. आपण उपहासिलेली वचनेही आठवली.

वादळ ओसरले, पण संकट सरले नव्हते. शिडे फाटून गेली होती, कोंबड्या व डुकरे वाहून गेली होती, धान्याची पिंपे फुटून आतील जिन्नस नासले होते. उरले होते ते गंमत म्हणून धरलेले कॉड मासे आणि डुकरांना घालावयाचे थोडे खाद्य. बारा माणसांना दिवसाला अर्धा खारवलेला मासा पुरवून घ्यावा लागे. एके सकाळी किनारा दिसला म्हणून उरलीसुरली ब्रँडी वाटण्यात आली; तासाभरात तो किनारा ढग होऊन विरून गेला. थंडीने एक जण दगावला. कप्तान दिवसरात्र न्यूटनला दोष देई व याला समुद्रात टाकल्यावाचून आपली सुटका नाही असे म्हणे. सुमारे चार आठवड्यांनी, ८ एप्रिल रोजी, आयर्लंडच्या उत्तरेस लॉफ स्विली नावाच्या खाडीत ‘ग्रेहाउंड’ने नांगर टाकला. त्या वेळी अन्नाचा शेवटचा अंश चुलीवर शिजत होता, आणि नांगर टाकून दोन तास होतात न होतात तोच पुन्हा प्रचंड वारा सुटला. ते दोन तास जहाज समुद्रात असते तर ही कथा सांगण्यास कोणी उरले नसते.

येथवरची हकीकत ख्रिस्ती जगतात शेकडो वेळा सांगितली गेली आहे आणि पुष्कळदा ती येथेच आटोपती घेतली जाते: वादळ झाले, पापी मनुष्य शरण आला, त्याचा उद्धार झाला. वाल्या कोळ्याने डोळे उघडले, कुऱ्हाड फेकून दिली आणि तो नामस्मरणास बसला तो वारूळ चढेपर्यंत उठला नाही. न्यूटनच्या बाबतीत मात्र तसे घडले नाही. त्याने शिव्याशाप सोडले, मद्यपान सोडले, प्रार्थना आरंभिली. पण कुऱ्हाड हातातच राहिली. त्याच वर्षी तो ‘ब्राउनलो’ या गुलामवाहू जहाजावर कप्तानाखालचा पहिला अधिकारी म्हणून पुन्हा आफ्रिकेस गेला. १७५० च्या फेब्रुवारीत त्याचा मेरीशी विवाह झाला. त्यानंतर १७५० ते १७५४ या काळात एकदा ‘ड्यूक ऑफ आर्गाइल’ व दोनदा ‘आफ्रिकन’ अशा तीन सफरी त्याने स्वतः कप्तान म्हणून केल्या. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्त्री-पुरुष व मुले विकत घ्यावयाची, अटलांटिक ओलांडून वेस्ट इंडीजमध्ये विकावयाची, हा तो व्यवसाय.

रविवारी दोन वेळा हा कप्तान खलाशांना जमवून उपासना करीत असे. एकांतात तो लॅटिन शिकत असे, पत्नीला प्रेमळ पत्रे लिहीत असे, आत्मपरीक्षणाची टिपणे करीत असे. त्या पायांखालच्या फळ्यांच्या खाली माणसे साखळ्यांत जखडून पडलेली असत. बंडाचा संशय आला तेव्हा त्याने काही मुलांचे अंगठे लोखंडी चापात दाबून त्यांच्याकडून कबुली काढली. हे त्याच्याच रोजनिशीत नोंदलेले आहे. आपण तुरुंगाधिकाऱ्याचे काम करीत आहोत, हे बरे नव्हे, असे त्याला अधूनमधून वाटे आणि अधिक सौम्य असा व्यवसाय मिळावा अशी तो प्रार्थनाही करी. परंतु हे पाप आहे, असे त्याला वाटले नाही. भोवतीच्या कोणालाच ते वाटत नव्हते. सरकारची मान्यता होती, प्रतिष्ठित घराण्यांचे भांडवल गुंतले होते, धर्मपीठेही मूक होती. सर्व समाज ज्यात भागीदार असतो ते पाप एकट्याच्या डोळ्यांना दिसणे फार कठीण. आपल्याकडेही शतकानुशतके शिवाशीव पाळणारे लोक नित्य स्नानसंध्या करणारे, सत्त्वशील, दयाळू असेच होते, हे आपण विसरू नये.

१७५४ च्या अखेरीस, चौथ्या सफरीवर निघण्याच्या बेतात असताना, त्याला अकस्मात झटका येऊन तो बेशुद्ध पडला. वैद्यांच्या सल्ल्याने त्याने समुद्र सोडला. म्हणजे तेव्हाही व्यापार सुटला तो प्रकृतीमुळे, विवेकामुळे नव्हे. पुढे लिव्हरपूल बंदरात जहाजांची तपासणी करणाऱ्या जकात अधिकाऱ्याची नोकरी करीत त्याने ग्रीक व हिब्रू भाषांचा अभ्यास केला, धर्मोपदेशकाची दीक्षा मागितली, अनेकदा नकार पचवला आणि १७६४ साली ती मिळाल्यावर तो बकिंगहॅम परगण्यातील ओल्नी या लहानशा गावी रुजू झाला. त्याच वर्षी त्याचे पूर्वायुष्याचे आत्मकथन प्रसिद्ध झाले व गाजले.

ओल्नी हे लेस विणून पोट भरणाऱ्या गरीब कुटुंबांचे गाव. तेथील सोळा वर्षे हा न्यूटनच्या आयुष्यातील भक्तिरसाचा काल होय. विल्यम कूपर हा विख्यात कवी, जो वारंवार चित्तभ्रमाच्या गर्तेत कोसळे, तो त्याचा शेजारी व जिवलग झाला. साध्या माणसांना प्रार्थनासभेत म्हणता यावीत म्हणून दोघे सोप्या भाषेत भक्तिगीते रचीत. १७७३ च्या नववर्षदिनी न्यूटनने प्रवचनासाठी विषय घेतला होता, देवाने आपणास इतक्या योग्यतेस का चढवले याचे नवल करणाऱ्या राजा दाविदाच्या प्रार्थनेचा. त्या प्रसंगासाठी रचलेले गीत आज ‘अमेझिंग ग्रेस’ या नावाने सर्व जगाला परिचित आहे. नंतर अवघ्या काही दिवसांत कूपरला भ्रमाचा भयंकर झटका आला. न्यूटन दाम्पत्याने त्याला वर्षाहून अधिक काळ स्वतःच्या घरी ठेवून सांभाळले. दोघांच्या ३४८ गीतांचा संग्रह १७७९ मध्ये निघाला. त्यांत सुमारे २८० न्यूटनची आहेत.

१७८० साली तो लंडनच्या सेंट मेरी वुलनॉथ या चर्चमध्ये आला. १७८५ च्या डिसेंबरात विल्यम विल्बरफोर्स नावाचा सव्वीस वर्षांचा संसद सदस्य त्याला गुप्तपणे भेटण्यास आला. धर्माची ओढ लागल्याने राजकारणाचा त्याग करावा की काय, या विवंचनेत तो होता आणि न्यूटनच्या घराभोवतीच्या चौकात एकदोन फेऱ्या मारल्यावर मगच त्याला दार ठोठावण्याचा धीर झाला. संन्यासाचा उपदेश मिळेल अशी कोणाचीही कल्पना. न्यूटनने सल्ला दिला तो नेमका उलट: संसद सोडू नये, तेथेच राहून ईश्वरसेवा करावी. स्वधर्म टाकून रथात खाली बसलेल्या अर्जुनाला भगवंतांनी दिलेल्या उपदेशाची येथे कोणास आठवण होईल. दोनच वर्षांत विल्बरफोर्सने गुलामांचा व्यापार बंद करण्याचे कार्य अंगावर घेतले.

आणि आता न्यूटनची स्वतःची पाळी आली. १७८८ साली, त्या वादळी रात्रीनंतर ४० वर्षांनी व जहाज सोडल्यानंतर ३३ वर्षांनी, त्याने आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापारावर एक छोटी पुस्तिका छापली. आपण ज्या कामात प्रत्यक्ष सहभागी होतो ते आज आठवले तरी अंगाचा थरकाप होतो आणि ही कबुली देण्यास फार उशीर झाला आहे, असे त्याने तीत मोकळेपणे मान्य केले. मग त्याने पाहिलेले एकेक सांगितले: अवघ्या पाच फूट उंचीच्या जागेत मध्ये फळ्या ठोकून माणसे कपाटातील पुस्तकांसारखी दाटीवाटीने कशी रचली जात, साखळीने जोडलेल्या दोघांपैकी एक सकाळी मेलेला कसा आढळे. एका जहाजावरील अधिकाऱ्याने एका तरुण स्त्रीला तिच्या वर्षाच्या मुलासह विकत घेतले होते. रात्री मूल रडू लागले व त्याची झोपमोड झाली, तेव्हा त्याने ते आईच्या हातातून हिसकून समुद्रात फेकले. आईला फेकले नाही, कारण तिची किंमत येणार होती. हे सारे लिहिणारा मनुष्य साठी उलटलेला, लोकमान्य असा धर्मोपदेशक होता. गप्प राहिला असता तर त्याला कोणी जाब विचारणार नव्हते. त्याची पुस्तिका संसद सदस्यांना वाटण्यात आली. १७९० मध्ये संसदेच्या समितीपुढे त्याने साक्षही दिली. इतर बहुतेक सुधारक ऐकीव पुराव्यावर बोलत होते. हा स्वतःविरुद्ध साक्ष देत होता.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात मेरी कर्करोगाने वारली. त्यांना मूलबाळ नव्हते. नात्यातील एका अनाथ मुलीचा त्यांनी सांभाळ केला होता. दृष्टी अधू झालेल्या न्यूटनची सेवा पुढे तिनेच केली.

या वृद्धाच्या घरी येणाऱ्यांपैकी काहींचा आपल्या देशाशीही संबंध आला. १७९३ मध्ये बंगालला निघण्यापूर्वी विल्यम कॅरी त्याला भेटून गेला होता. त्याच कॅरीने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण श्रीरामपूरच्या छापखान्यात छापले व १८१० मध्ये मराठी शब्दकोश काढला. न्यूटनच्या प्रेरणेने धर्मोपदेशक झालेला क्लॉडिअस ब्यूकॅनन कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात अधिकारी झाला. परंतु जगन्नाथपुरीच्या रथयात्रेचे त्याने जे विपर्यस्त व भयंकर चित्र इंग्लंडात रंगवले, त्याने हिंदू धर्मावर मोठा अन्याय झाला, हेही सांगितले पाहिजे. गुरूला आपल्या समाजाचे पाप दिसण्यास ४० वर्षे लागली. शिष्याला दुसऱ्याच्या धर्मातील दोष मात्र एका भेटीत दिसले.

२१ मार्च हा दिवस न्यूटन आयुष्यभर व्रतासारखा पाळीत असे. वादळाची तारीख जुन्या पंचांगाप्रमाणे १० मार्च. १७५२ मध्ये इंग्लंडने कालगणना बदलल्यानंतर तीच २१ मार्च झाली. त्याच्या रोजनिशीतील शेवटची नोंद १८०५ च्या २१ मार्चची आहे. डोळ्यांना दिसत नसतानाही त्या दिवशी त्याने लेखणी हाती घेतली होती.

१८०७ च्या २५ मार्च रोजी गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा इंग्लंडमध्ये मंजूर झाला. ती वार्ता ऐकण्यास न्यूटन हयात होता. त्याच वर्षी २१ डिसेंबरला, ८२ व्या वर्षी, त्याचे देहावसान झाले. गुलामगिरीची प्रथाच नष्ट करणारा कायदा त्यानंतर १८३३ मध्ये आला आणि कंपनी सरकारच्या ताब्यातील हिंदुस्थानासाठी आणखी दहा वर्षांनी, १८४३ मध्ये. त्याच्या गीताला आजची चाल मिळाली ती १८३५ साली अमेरिकेत, आणि ज्यांच्या पूर्वजांना साखळदंडांत घालून समुद्रापार नेण्यात आले होते त्या कृष्णवर्णीयांनी ते गीत आपलेसे केले.

त्याला प्रथम लंडनमध्ये मेरीजवळ पुरण्यात आले. १८९३ मध्ये दोघांचेही अवशेष ओल्नीस हलवण्यात आले. समाधिलेख त्याने स्वतःच लिहून ठेवला होता. त्यात आपण एके काळी नास्तिक व स्वैराचारी होतो, आफ्रिकेत गुलामांचे चाकर होतो, प्रभूच्या दयेने आपले रक्षण झाले व क्षमा मिळाली, असे सांगितले आहे. तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता, हे त्या लेखात नाही. त्यासाठी १७८८ ची ती पुस्तिका उघडावी लागते.